‘हट्’ म्हटलं की जवळ येणारी

परवा समोरच्या शेतात भातकापणी लागली आणि माझं डोकं फिरलं. दरवर्षी फिरतं. लोक या दिवसांचं काय काय कौतुक करतात! पिवळं सोनं म्हणे, धुक्याची शाल म्हणे. ज्यांच्या हातात विळा नसतो त्यांना सगळं सोनंच दिसतं. मला दिसतात ते भाताच्या पात्यांनी चरचरलेले आईचे हात, घरभर उडणारा कोंडा, आणि संध्याकाळी दिवा लागला की माझ्या मशीनवरच्या रेशमी कापडावर येऊन बसणारे तुडतुडे. एकेक ब्लाऊज झटकून झटकून जीव जातो. आणि दिसतो अंगणात, रस्त्याच्या अंगाला रोवलेला एक रिकामा खुंटा. त्या खुंट्याला मी जाता-येता शिव्या घालते. त्यानं माझं काही वाकडं केलेलं नाही, पण कुणाला तरी घालाव्या लागतातच ना.

मी शिवणकाम करते. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर आहे. ओट्याच्या एका टोकाला माझी मशीन, दुसऱ्या टोकाला बापाची खुर्ची. मध्ये आईनं वाळत घातलेलं काहीतरी असतं. कधी मिरच्या, कधी पापड, कधी नुसतंच गोणपाट. आम्हा बापलेकीत वस्तू ठेवायची तिला सवयच आहे.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. जन्म याच रस्त्यावर गेला. मुरबाड, शहापूर, कधी कसारा, कधी भातसानगरच्या कॉलनीची फेरी. रस्त्यावर जे जे चालतं ते ते आपलं वैरी आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. शेळ्या, गुरं, सायकली, मोळीवाल्या बाया, सगळ्यांना एकच मंत्र. उजवा हात खिडकीबाहेर काढायचा, दाराच्या पत्र्यावर थाड थाड थाप मारायची आणि ओरडायचं, ‘हट्!’ मी लहानपणी त्यांच्या गाडीत बसायची तेव्हा मला वाटायचं, गाडी डिझेलवर चालतच नाही, हट् वर चालते.

सगळ्यांत मोठा वैरी म्हणजे वरातीचा घोडा. लगीनसराईत रस्ता अडवून वरात उभी असायची. पुढे डीजे, मागे नाचणारे, मधे मुंडावळ्या बांधलेला नवरदेव आणि त्याच्याखाली तो सजवलेला प्राणी. बाबा हॉर्न दाबून धरायचे आणि घोड्याच्या शेपटीला टेकेल इतकी गाडी पुढे न्यायचे. घरी आल्यावर आईला सांगायचे, ‘‘लोकाला लग्नात घोडा कशाला लागतो गो? पाय मोडलेत काय नवऱ्याचे?’’ आई म्हणायची, ‘‘तुमी आला होतात ना घोड्यावर.’’ मग बाबा भाकर मोडायचे.

मी कल्याणहून सासर सोडून परत आले त्याला आता बरीच वर्षं झाली. माझं नि नवऱ्याचं का पटलं नाही ते इथे सांगणार नाही. तुम्ही काय पंच आहात? आले एवढं खरं. बाबांनी दारात बॅग बघितली, माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. म्हणजे घरातून काढलं नाही बरं का. जेवायला ताट होतं, झोपायला चटई होती, ओट्यावर मशीन ठेवायला जागाही दिली. फक्त माझ्याशी बोलायचं असलं की आईशी बोलायचे. ‘‘तिला सांग, पंखा बंद कर.’’ मी पंख्याखालीच उभी. मीसुद्धा त्यांचीच मुलगी. पंखा बंद करायची आणि म्हणायची, ‘‘त्यांना सांग, केला.’’ आई बिचारी दोघांच्या मधे भाजी निवडत बसायची, कुणाला काही सांगायची नाही. सांगायला उरायचंच काय? सगळ्यांनी ऐकलेलं असायचं.

वर्षानुवर्षं असं चाललं. आई म्हणायची, ‘‘दोघंबी अडेलतट्टू. एक हाललं तर दुसरं हालंल.’’ मी म्हणायची, त्यांनी हलावं, मोठे आहेत. ते काय म्हणायचे ते मला कळायला मार्ग नव्हता.

मग गेल्या वर्षी श्रावणात त्यांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. तोंड वाकडं झालं. दवाखान्यातून घरी आणले तेव्हा सगळं बोलणं पुसून गेलेलं. उरला होता एक शब्द. कोणता, हे काय सांगायला हवं? डॉक्टर म्हणाले, असं होतं, कधी कधी एखादाच शब्द मागे राहतो. कुणाचं देवाचं नाव राहतं, कुणाची एखादी शिवी राहते, माणसाच्या हातात नसतं ते. आमच्या वाट्याला ‘हट्’ आलं.

पाणी हवं, हट्. ऊन लागतंय, हट्. उशी खाली सरकली, हट्. आत्या मुरबाडहून भावाला बघायला आली, पिशवीत मोसंबी घेऊन. भावाचा हात हातात घेतला, डोळ्यांना पदर लावला, आणि भाऊ म्हणाला, ‘‘हट्!’’ आत्यानं मोसंबी ओट्यावर ठेवली, उठली, आणि चहा न घेता परत गेली. मी थांबवायला धावले तर मलाच म्हणाली, ‘‘सुधारला नाय गो अजून. मरणाच्या दारात गेला तरी मस्ती नाय गेली.’’ सांगून समजावलं तरी तिच्या मनातून गेलं नाही. जीभ नाही ऐकत म्हटलं तरी कान दुखायचे ते दुखतातच.

आणि माझं काय? मला संताप यायचा. या माणसाकडे सगळी मराठी भाषा होती तेव्हा त्यातला एक शब्द यानं माझ्यावर खर्च केला नाही. आता एकच उरला तर तो सगळ्या गावाला वाटत सुटलाय. आणि तोही मला नाहीच. मी समोर गेले की तोंड मिटलेलं. आईला हट्, शेजाऱ्याला हट्, कुत्र्याला हट्. मला तेवढंही नाही. ‘तिला सांग’ होतं ते बरं होतं असं वाटायला लागलं, म्हणजे बघा.

व्यायाम करायला तर साफ नकार. फिजिओची मुलगी शहापूरहून यायची, गोड बोलायची, हातात रबरी चेंडू द्यायची. उजव्या हाताची मूठ आवळून बसली होती, ती उघडावी म्हणून. बाबांनी डाव्या हातानं तो चेंडू असा भिरकावला की समोरच्या बांधात गेला. अजून असेल तिथे कुठेतरी.

त्या साली गणपती गेले आणि बबनमामा आला. बबनमामा म्हणजे आईचा चुलतभाऊ. सिद्धगडाच्या बाजूला राहतो, वरातीला घोडी देतो. पावसात त्याच्या घोडीचा मांडव कोसळला होता. आमचा गोठा म्हशी विकल्यापासून रिकामाच. मामा आईला म्हणाला, ‘‘ताये, तुळशीच्या लग्नापरत ठेव. मग लगीनसराई लागंल, मी घेऊन जाईन. जरा चावरी हाय, बाकी काय नाय.’’

जरा चावरी! टेम्पोतून उतरवतानाच तिनं हेल्परचं मनगट धरलं होतं. नाव बिजली. अंग कधीकाळी पांढरं असावं, आता जुन्या बनियनच्या रंगाचं. मागच्या मांडीवर भाजल्याचा मोठा डाग, तिथे केस उगवले नव्हते. उन्हाळ्यात एका वरातीत कुणीतरी तिच्या पायाखाली फटाक्यांची माळ सोडली होती. तेव्हापासून मोठा आवाज झाला की ती डोळे पांढरे करायची, कान मागे पाडायची आणि दुगाण्या झाडायची. मामा म्हणाला, ‘‘औषध लावलं, पन मनातला जात नाय तिच्या.’’ कुणाच्याच जात नाही, मी मनात म्हटलं.

दिवसा तिला अंगणात, रस्त्याच्या बाजूच्या खुंट्याला बांधायचं ठरलं. आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. कारण बाबांची खुर्ची जिथे होती तिथून रस्त्याचा नेमका तेवढाच तुकडा दिसायचा. दिवसभरात त्यांना एकच सुख उरलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्या बघणं. जुने ड्रायव्हर घरासमोरून जाताना हॉर्न द्यायचे, बाबा डावा हात वर करायचे. आता त्या तुकड्यात बिजलीचं बूड आलं.

हॉर्न वाजला की इकडे घोडी थरथरून उड्या मारायची, दावं ताणायची, आणि तिच्या पलीकडून गाडी निघून जायची. बाबांना ना गाडी दिसायची, ना ड्रायव्हर. सगळी जिंदगी ज्यानं वरातीच्या घोड्यांना रस्त्यातून हाकललं त्याच्याच दारात घोडी रस्ता अडवून उभी! बाबा लालबुंद व्हायचे. ‘‘हट्! हट्! हट्!’’ आणि ती? तिनं मान वळवून एकदा बघितलं आणि परत बूड केलं. या घरात ‘हट्’ ऐकून न हललेली ती पहिली बाई.

मी तिला दुसरीकडे बांधू शकले असते. आईनं तसं म्हटलंही. मी म्हटलं, राहू दे तिथेच. कुणीतरी त्यांच्या डोळ्यांसमोर पाठ करून उभं आहे हे बघायला मला बरं वाटत होतं.

एके सकाळी बाबांच्या हातात चहाबरोबरचा गुळाचा खडा होता. शहापूरची गाडी हॉर्न देऊन गेली, घोडी नाचली, आणि बाबांनी ‘‘हट्!’’ म्हणत हातात होतं ते फेकून मारलं. गुळाचा खडा तिच्या मानेवर बसून खाली पडला. बिजलीनं हुंगला. खाल्ला. मग ती पूर्ण वळली आणि बाबांकडे तोंड करून उभी राहिली. कान पहिल्यांदा पुढे आले होते.

बाबा परत ओरडले, ‘‘हट्!’’ ती एक पाऊल पुढे आली.

आई खो खो हसत सुटली. मी नाही हसले. पण त्या दिवसापासून ते सुरू झालं. बाबांनी हट् म्हणायचं, तिनं दाव्याच्या टोकापर्यंत जवळ यायचं. ती जवळ आली की बाबा आणखी चिडायचे. चिडले की आणखी हट्. गूळ भिरकावून तिला लागेना तेव्हा ते काठी घेऊन उठले. तिला मारायलाच उठले होते, त्यात मला शंका नाही. फिजिओच्या मुलीनं हातापाया पडून जे होत नव्हतं ते रागानं केलं. ओट्याची पायरी ते उतरले, पाय ओढत ओढत अंगणात गेले, काठी उगारली. आणि बिजलीनं त्यांच्या खिशात नाक घातलं. खिशात गूळ होता ना.

काठी तशीच वर राहिली. एका पायाचा माणूस काठी उगारून पडेल म्हणून मी धावले. तर घोडीनं मला बघून दात काढले आणि माझ्या गळ्यातली मोजपट्टी धरून ओढली. पट्टीचा तुकडा पडला. बाबा हसले. अर्ध्या तोंडानं, पण हसले! मी परत येऊन मशीनवर बसले आणि रागारागानं एका बाईच्या ब्लाऊजला पाठीचं बटण पुढे लावलं. माझी पट्टी तुटली आणि तुम्हाला हसू येतं? सगळी वर्षं माझ्याकडे बघून एकदा हसला नाहीत, आणि आता घोडी माझा गळा धरते तेव्हा हसता?

भात पिवळं पडायला लागलं होतं. आश्विनातलं ऊन डोक्यात जात होतं. बगळे बांधावर उभे राहायचे, आणि सकाळी अंगणात धुक्यात दोन आकृत्या दिसायच्या. एक चार पायांची, एक अडीच पायांची. बाबांना गाडी लांब वळणावर असतानाच कळायची. गिअरच्या आवाजावरून ड्रायव्हर ओळखायचे. हॉर्न वाजायच्या आधीच ते काठी टेकत तिच्यापाशी जायचे आणि तिला आगाऊच झापायचे. गाडी हॉर्न द्यायची, घोडी शहारायची, कान पाडायची, पण बाबांचा डावा हात तिच्या मानेवर आणि तोंड तिच्या कानाशी. हट्, हट्, हट्. मग गूळ. हळूहळू तिचं नाचणं थांबलं. पुढे पुढे तर हॉर्न ऐकला की ती बाबांच्या खिशाकडे बघायची.

उजव्या मुठीचं काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं नसतं तर मानलं नसतं. बाबांना खोडी सुचली. डाव्या हातानं त्यांनी गुळाचा खडा त्या आवळलेल्या मुठीत कोंबला आणि मूठ तिच्या नाकापुढे धरली. म्हणजे काय, तर घे, दम असला तर घे. बिजलीनं चाटली. ओठांनी चाचपली. चावरी घोडी, मनगट धरणारी, पण दात लावले नाहीत. गूळ विरघळेपर्यंत चाटत राहिली. दुसऱ्या दिवशी परत तेच. ऊन, लाळ, गूळ आणि तो उबदार जिभेचा मारा. करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. फिजिओची मुलगी आली तेव्हा हात बघून म्हणाली, ‘‘अरे वा! कोणता व्यायाम करता?’’ आई म्हणाली, ‘‘काय नाय, घोडीला चिडवतात.’’

मी मशीनवर पाठ करून बसायची. मुद्दामच. मला ते प्रेमप्रकरण बघवायचं नाही. पण पाठ केली म्हणून एक गोष्ट झाली. मला बाबा दिसेनासे झाले आणि नुसते ऐकू यायला लागले. आणि मग लक्षात आलं की हट् एक नाही. रागाचं तोडून येतं, ट् वर आपटतं. पाणी हवं असतं तेव्हा दोनदा, खालच्या आवाजात. आणि बिजलीला जवळ बोलावताना, गूळ हातात असताना, ते लांब होतं. हऽऽट्. शेवटचा ट् जेमतेम लागतो. शब्द तोच, पण त्यात इतकी माया असायची की माझे हात थांबायचे. घोडीला मराठी येत नव्हती, म्हणून तिला सगळं कळत होतं.

मी आईला विचारलं, ‘‘तुला हे ठाऊक होतं?’’

‘‘कशाचा गो?’’

‘‘ते हट् वेगवेगळं असतं ते.’’

आईनं सुपातलं भात पाखडत माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काल जन्मले. ‘‘लग्न झाल्यापासून मी तेच तर ऐकत आलीय. शब्द काय, त्यांच्याकडं आधीबी चांगले नवते.’’

मला तेव्हा वाईट वाटलं. आणि वाईट वाटल्याचा राग आला. मला तो लांबवलेला हट् हवा होता, हे मी स्वतःशीसुद्धा कबूल करायला तयार नव्हते. पाठमोरी बसून मी घोडीच्या नावानं आलेला एकेक शब्द ऐकायची, आणि ऐकून झालं की पाय जोरात मारायची म्हणजे मशीनच्या आवाजात पुढचा बुडेल.

तुळशीचं लग्न लागलं. ऊस, आवळे, चिंचा, सगळं झालं, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. मामानं सांगितलं म्हणून मी बिजलीसाठी लाल मखमलीची झूल शिवली होती, नवरीच्या शालूच्या उरलेल्या काठाची किनार लावून. चांगली शिवली होती. ती घालून बिजली टेम्पोत चढली. बाबांनी खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली होती. ती टेम्पोतून खिंकाळली तरी ते वळले नाहीत.

आता पुढचं ऐका, कारण हे आमच्याच घरात होऊ शकतं. पहिलीच वरात कसाऱ्याकडच्या एका गावात होती. डीजे लागला, घोडी जागची हलली नाही. बबनमामा खूश. एवढ्यात नवरदेवाचा मामा पुढे झाला आणि नाचणाऱ्या पोरांना हात करकरून ओरडायला लागला, ‘‘हट् रे! हट्! वाट द्या!’’ बिजलीनं कान पुढे केले आणि नवरदेवासकट सरळ त्या माणसाच्या अंगावर गेली. त्याच्या सदऱ्याच्या खिशात नाक घातलं. तो घाबरून मागे सरकला, ‘‘हट्! हट्!’’ ही आणखी जवळ. तो पळाला, ही मागे. तो जीव घेऊन नवरदेवाच्याच घरात शिरला आणि घोडी दारात जाऊन उभी राहिली. डीजे लांब चौकात, वरात तोंड फिरवून धावत आलेली, आणि नवरदेव मुंडावळ्या सावरत जिथून निघाला तिथेच परत. म्हातारी माणसं म्हणाली, अपशकुन झाला. नवरीकडचे म्हणाले, नवऱ्यालाच यायचं नव्हतं. बबनमामाला तिथे काय काय ऐकावं लागलं ते तोच जाणे.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या अंगणात येऊन गरजला. ‘‘वरातीमागून घोडं ऐकला होता! घोड्यामागून वरात पयल्यांदा बगितली! तुमच्या या म्हाताऱ्यानं माजी घोडी बिघडवली, ताये! हट् म्हटला की जनावर लांब जातं. जगात सगळीकडं जातं. हिला उलटा शिकवला यानं!’’

बाबा हसायला लागले. हसता हसता खोकले, आणि मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलंच नाही. अर्ध्या तोंडानं रडणारा माणूस बघितलाय कधी? बघू नका.

त्यानं बिजलीला मुरबाडच्या पलीकडे एका फार्महाऊसला देऊन टाकलं. तिथे मुंबईची माणसं गाड्या घेऊन येतात आणि घोड्यांच्या सहवासात मन शांत करतात. खरंच! मला आधी थट्टा वाटली. घोड्याच्या गळ्यात पडायचं, डोळे मिटायचे, श्वास आत, श्वास बाहेर. तिथे आवाज चढवायला बंदी. रागावायला बंदी. माझ्या बापाला तिथे फाटकाच्या आत घेतला नसता. मामा मधे एकदा जाऊन आला. आईला म्हणाला, ‘‘मोप खायला देतात. पन कोनाकडं जात नाय ती. कोपऱ्यात उभी आसते. तितं सगळे गोड गोड बोलतात, हट् कोन म्हणत नाय ना.’’

हे तो बाबांच्या समोर बोलला. मला त्याच्या तोंडात बोळा कोंबावासा वाटला.

त्या दिवसापासून बाबांनी उरलेला शब्दही टाकला. अंगणात उतरणं बंद. काठी कोपऱ्यात. मूठ परत आवळली. अख्खा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. रस्ता आता मोकळा होता, खुर्चीतून सरळ दिसत होता. गाड्या हॉर्न द्यायच्या, बाबा बघायचे नाहीत. पाणी हवं असलं तरी बोलायचे नाहीत, आईनं ओळखून द्यायचं. आई म्हणायची, ‘‘ओरडा ना हो जरा. शिव्या तरी द्या.’’ आमच्या घरात कुणाला ‘हट्’ ऐकायला कान आसुसतील असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हट् म्हटलं असतं. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा, नाहीतर आहे तेही जाईल. बोलतं ठेवा! सांगणाऱ्याचं काय जातं.

तर परवा कापणी लागली. तोच वास, तेच बगळे, तेच सकाळचं धुकं. बाबांना चहा दिला, गुळाचा खडा दिला. त्यांनी तो उजव्या मुठीत खुपसला आणि तसेच खुंट्याकडे बघत बसले. पाजी म्हातारा! वर्ष होत आलं आणि अजून घोडीची वाट बघतोय. माझी कधी बघितली होतीस? मी कल्याणला होते तेव्हा? परत आले तेव्हा? मशीनवर कुणाच्या तरी साखरपुड्याचं काम अर्धवट होतं. मी ते तसंच टाकलं, ओटा उतरले आणि जाऊन खुंट्यापाशी उभी राहिले. बाबांकडे पाठ करून. बिजली जशी उभी राहायची तश्शी, रस्ता अडवून.

शेतातल्या बाया विळे थांबवून बघायला लागल्या. आई धावत आली. ‘‘येडी झालीस का गो? धुक्यात काय उभी?’’

मी म्हटलं, ‘‘त्यांना सांग, मी हलणार नाही.’’

आई ओट्यावर परत गेली. धुकं विरलं, ऊन चढलं, डोकं तापलं. पाठीमागे काही नाही. पाय दुखायला लागले. मुरबाडहून येणारी गाडी वळणावर आली. मलाही आता गिअर कळतो. गाडी हॉर्न देऊन माझ्यासमोरून गेली, ड्रायव्हर माझ्याकडे बघतच राहिला.

‘‘हट्!’’

तोडून. ट् वर आपटून. इतक्या महिन्यांनी, आणि माझ्यावर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी हलले नाही. बिजली तरी कुठे हलली होती? परत आलं, ‘‘हट्!’’ मी पदर खोचला आणि उभी राहिले. अडेलतट्टू तर अडेलतट्टू. मग बराच वेळ नुसते विळ्यांचे आवाज. मग काठी सापडत नसल्याची धडपड, आईचं ‘‘हळू, हळू’’, आणि पायरीवर घासलेलं पाऊल.

‘‘हऽऽट्.’’

मी वळले. बाबा ओट्याच्या खाली उभे होते, डाव्या हातानं खांब धरून. उजवा हात त्यांनी माझ्याकडे पुढे केला होता. अंगठा अजून वाकडाच होता, पण चार बोटं उघडी होती, तळवा सपाट, घोडीला धरतात तसा. त्याच्यावर गुळाचा खडा, घामानं ओला झालेला.

मला गूळ आवडत नाही. लहानपणापासून नाही. हे त्यांना ठाऊक नसणार, कधी विचारलंय कुठे. मी गेले आणि त्यांच्या तळहातावरून तो उचलून तोंडात टाकला. मग त्यांचा हात खालून धरला.

आई पदरानं नाक पुसत मधे आली. सवयीनं म्हणाली, ‘‘काय सांगू गो त्यांना?’’

मी म्हटलं, ‘‘तू नको. माझं मी सांगते.’’